वासरू सुटलं

माझ्या मायला खोटं बोलता येत नसे. तशी वेळ आली की आधी पदर पुढं ओढायची, मग घसा खाकरायची, आणि मग जे काय सांगायची ते शेंबड्या पोरालाही पटलं नसतं. आणि आमच्या घरात तर पाव्हणा आला की खोटं बोलणं भागच असायचं. म्हणून तिनं एक शब्द शोधून काढला होता. पाव्हण्यांची चाहूल लागली की ती चुलीपासूनच दादांना, म्हणजे माझ्या वडलांना, हाक द्यायची, “आवो, वासरू आखाड्यावर नेऊन सोडा.” आखाडा म्हणजे आमच्या शेतातला गोठा आणि त्याला लागून सालगड्याची खोली. गावातून पायी वीस मिनिटं. आणि वासरू म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण.

हे वाक्य चार पानं इकडचं तिकडचं सांगून मग हळूच लिहावं असा विचार होता. पण आता साठी उलटली, गुडघे बोलतात, आडपडद्याची हौस फिटली. लिहून टाकलं, बरं वाटलं.

बहिणीचं नाव कौशल्या. मी तिला अक्का म्हणायची. गाव तिला येडी कौसी म्हणायचं, तोंडावर नाही, पण तिला ऐकू जाईल इतक्या जवळून. अक्का वेडी नव्हती. तिची समज लहान राहिली होती, एवढंच. अंगानं चांगली थोराड, केस माझ्यापेक्षा दाट, आणि बोलणं चार-पाच वर्षांच्या पोरीचं. आमचं घर आष्टीत, बाजाराकडं जाणाऱ्या वाटेवर. दारासमोरून माणूस गेलं की अक्का पायरीवर बसल्या बसल्या विचारायची, “भाकर खाल्ली?” ओळखीचा असो, बिनओळखीचा असो, बैल हाकत चाललेला असो नाहीतर यष्टी गाठायला पळत सुटलेला असो. काही लोक हसून “खाल्ली गं माय” म्हणायचे. काही मुद्दाम “न्हाई खाल्ली, दे आणून” म्हणायचे, मग ती खरंच आत पळायची आणि टोपल्यातली भाकरी घेऊन बाहेर यायची, तोवर ते खिदळत पुढं गेलेले. भाकरी हातात धरून ती रस्त्याकडं बघत उभी राहायची. त्या लोकांची नावं मला आजही पाठ आहेत. जाऊ द्या, बरेच वर गेले.

घरात मात्र तिचा दरारा होता. सकाळी माय भाकरी थापायला बसली की परातीच्या दुसऱ्या बाजूला अक्का. मायच्या थापण्याचा आवाज एका लयीत यायचा, आणि मध्येच अक्काचा, धप्प, धप्प, कोणी ओलं धुणं आपटावं तसा. तिची भाकरी काठाला जाड, मध्ये पातळ, आणि गोल तर जन्मात नाही. माय म्हणायची, “कौसे, ही भाकर हाय का गवरी?” अक्का खो खो हसायची. तव्यावर टाकायचं काम मायचं, कारण अक्काला जाळाची समज नव्हती; डाव्या मनगटावर दोन डाग होते. पण ती पहिली गवरी दादांच्या ताटात जायची. दादा ती अंबाडीच्या भाजीबरोबर सावकाश खायचे आणि म्हणायचे, “आज बराबर जमली बरं का.” रोज म्हणायचे. रोज ती तितकीच खूष व्हायची. माझ्या गोल गरगरीत भाकरीला उभ्या जन्मात कोणी काही म्हणालं नाही, आणि खरं सांगते, मला त्याचा राग यायचा. दहावी पास झालेल्या पोरीला थोरल्या बहिणीच्या गवरीचा हेवा वाटावा, याला काय म्हणावं!

तिच्यासोबत राहणं सोपं होतं असं कोणी समजू नये. मनाविरुद्ध हात धरला तर चावायची. महिन्याच्या चार दिवसांत माय आणि मी रडकुंडीला यायचो. आणि सगळ्यात मोठी ती एक धास्ती, जी माय कधी शब्दांत बोलली नाही. वयात आलेली लेक, कोणीही गोड बोलून हात धरला तर जाणारी. अक्का नजरेआड झाली की मायचा जीव टांगणीला. “कौसी कुठं हाय?” हे वाक्य मी लहानपणी जितक्या वेळा ऐकलं तितकं माझं स्वतःचं नावही ऐकलं नसेल. भाजी निवडताना, भांडी घासताना, अगदी देवाला हात जोडून उभी असतानाही माय मध्येच मान वळवायची. “कौसी कुठं हाय?”

आणि माझी दहावी झाल्यावर दुसरी काळजी येऊन बसली. माझं लग्न. आमच्याकडं तेव्हा पक्की समजूत, एक बहीण तशी निघाली की दुसरीच्या पोटी तसलंच येणार. ग्रहणात काही चिरलं असेल, कोणाची करणी असेल, मागल्या जन्माचं असेल, काहीतरी आहे त्या घरात. गावाला अक्का माहीत होती, पण सोयरीक काही गावात करायची नव्हती. “झाकली मूठ सव्वा लाखाची,” माय म्हणायची, “एकदा तुझं लगीन होऊन जाऊ दे सुमे, मंग बिलकुल झाकणार न्हाई मी माझ्या लेकीला.” लेक झाकायला मूठ पुरत नाही, हे तिला कोणी सांगावं!

अशात परतूरहून निर्मलाबाई यायला लागल्या. पांढरी साडी, खांद्याला शबनम, पायात पुरुषी वहाणा. परतूरला त्या समज कमी असलेल्या मुलामुलींचा वर्ग चालवायच्या आणि तसाच वर्ग आष्टीत ग्रामपंचायतीच्या रिकाम्या खोलीत सुरू करायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. वयाची अट नाही, म्हणायच्या. अंघोळ, वेणी, कपड्याच्या गुंड्या, रस्ता ओलांडणं, जाळापासून जपणं, हे सगळं शिकवता येतं, वेळ लागतो इतकंच. बाजाराच्या दिवशी पारावर उभ्या राहून बोलायच्या. माणसं दोन मिनिटं ऐकायची आणि मिरच्यांचा भाव करायला निघून जायची. वर्गासाठी गावातून निदान आठ नावं हवी होती. त्यांनी शाळेतल्या गुरुजींकडून माझं नाव घेतलं, घरी आल्या आणि माझ्या हातात एक जाड वही दिली. घर नंबर, कुटुंबप्रमुख, व्यक्तीचं नाव, वय, शेरा, असे रकाने आखलेले. “घरोघर जा. तुला गावातली म्हणून खरं सांगतील. आणि ज्या घरात कोणी नसेल तिथं रकाना मोकळा ठेवायचा नाही, निरंक लिहायचं. मोकळ्या जागेत मागून कोणीही काहीही भरतं.”

त्या बोलत होत्या तेव्हा अक्का कडब्याच्या खोलीत होती. मायनं बाई दारात दिसताच आत ढकलून कडी लावली होती. बाईंनी जाताना विचारलं, “तुमच्या घरी कोणी?” मायनं पदर पुढं ओढला, घसा खाकरला. “न्हाई जी. सुमीच एकली.” कडब्यातून खसखस ऐकू आली. बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी वहीकडं पाहिलं.

आठवडाभर मी गाव फिरले. निरंक हा शब्द कसा गुळगुळीत आहे ते तेव्हा कळलं. लिहायला काही लागत नाही, हात सरकतो नुसता. ज्या घरातली तशी पोरं मी लहानपणापासून पाहिलेली, त्या घरची माणसं माझ्या डोळ्यांत बघून सांगायची, “आमच्यात तसलं कोणी न्हाई.” मी काय म्हणणार? निरंक. गावाच्या कडेला, आमच्या आखाड्याच्या वाटेवर, भागाबाई राहायची. धनगराचं घर, नवरा मेंढरं घेऊन बाहेर असायचा. तिची नणंद रुखमी तशीच, हे मला ऐकून माहीत होतं, पाहिली मात्र कधी नव्हती. भागाबाई दारात आडवी उभी राहिली. “लिव, कोणी न्हाई.” आत कोणीतरी खोकलं. आम्ही दोघींनी ते ऐकलं. ती म्हणाली, “आन् तुझ्या घरापुढं काय लिवलं गं?” माझी वही तिथंच मिटली. कारण आमच्या घरापुढं आदल्या संध्याकाळी, माय शेजारी बसून बघत असताना, मी चांगल्या वळणदार अक्षरात निरंक लिहून टाकलं होतं.

त्याच आठवड्यात जाफराबादकडचे पाव्हणे मला बघायला येणार असल्याचा निरोप आला. मुलगा मास्तर होता. मुलाची आई आणि मामा येणार होते. पहाटेपासून घर सारवलं, माझ्या केसांना नारळाचं तेल चोपडलं. दादा अक्काला घेऊन आखाड्यावर गेले. ती जाताना पायरीवर थांबली आणि माझ्या नव्या साडीला हात लावून म्हणाली, “मला?” माय म्हणाली, “तुला उद्या.” ही एवढीच थाप तिला बिनखाकरता जमायची.

पाव्हणे दोन यष्ट्या बदलून उन्हं वर आल्यावर पोचले. मुलाची आई काटक, कमी बोलणारी, ठसठशीत कुंकू. मामा गडगडाटी, शेतकरी माणूस, आल्या आल्या ज्वारी किती झाली इथून सुरुवात. मायनं सुशीला केला होता. भिजवलेले चुरमुरे, कांदा, हिरवी मिरची, वरून दाण्याचं कूट. आमच्या घरचा सुशीला नावाजलेला, पण त्या दिवशी मीठ दोनदा पडलं होतं. मी बशा पुढं केल्या आणि खाली मान घालून बसले. मुलाच्या आईनं शिक्षण विचारलं, शिवणकाम विचारलं. मग म्हणाली, “घरात कोण कोण असतंया?”

“मी, माय, दादा,” मी म्हणाले.

असं तोंडी मी पहिल्यांदाच म्हणत होते. वहीत लिहिणं वेगळं. तिघांचीच नावं घेतल्यावर जीभ चौथ्याला पुढं सरकली आणि मी ती दातांत धरली. एवढ्यात दारात आमच्या सालगड्याची बायको गयाबाई धापा टाकत उभी. पदराचं भान नाही, पाय गुडघ्यापर्यंत मातीनं भरलेले. पाव्हणे बघितले आणि बिचारी शिकवलेलंच बोलली.

“मालक, वासरू सुटलं.”

दादा उठून उभे राहिले, बशी लवंडली. “कवा?”

“म्या पाणी आणायला गेल्ते. आले तर न्हाई. समदं हुडकलं. गोठा पाह्यला, वढा पाह्यला.”

पाहुण्यांसमोर आमच्या चेहऱ्यांचं काय झालं असेल देव जाणे. मामा मात्र भला माणूस. शेतकऱ्याला वासरू सुटलं म्हटल्यावर काय वाटतं ते त्याला ठाऊक. तोंडातला घास गिळला आणि लगेच धोतर सावरत उठला. “चला जी, मी बी येतो. दोघं असलो म्हंजी जल्दी घावंल. रंग कोणता वासराचा?”

दादांनी पायात वहाणा सरकवल्या. मग म्हणाले, “तांबूस.”

“खोंड का कालवड?”

“कालवड.”

“कपाळावर चांद हाय का?”

“न्हाई जी,” दादा म्हणाले आणि त्यांचा आवाज चिरकला. मामांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. “येवढं काऊन घाबरता? जनावर हाय, फिरून येतंच की.” दोघं बाहेर पडले. मागोमाग गयाबाई.

पुढचा एक तास मी कसा काढला ते मला सांगता येणार नाही, पण तुम्ही फक्त विचार करा. बहीण हरवलीये. ती कोणाच्याही मागं जाईल. शेतात दोन विहिरी, एकीला कठडा नाही. आणि तिला हाक मारता येत नाही. नाव घेऊन हाक मारली की घरात बसलेल्या बाईला कळणार. हरवलेलं माणूस नाव न घेता कसं हुडकायचं? दूरवरून मामांचा आवाज मधूनमधून येत होता, रस्त्यानं दिसेल त्याला विचारत होते, “आवो, तांबूस कालवड पाह्यली का?” आणि आमच्या गावचे लोक, ज्यांना हे वासरू काय ते बराबर माहीत होतं, “न्हाई पाह्यली” म्हणत होते. माय उंबऱ्यात बसून लुगड्याचा काठ चुरगाळत होती. मुलाच्या आईनं मायला विचारलं, “अजून आईचं दूध पिती का हो ती?” मायनं मान डोलावली. “तरीच,” ती म्हणाली.

मी मनात नवस बोलत होते, आणि लाज सोडून सांगते, नवसात दोन मागण्या होत्या. अक्का सापडू दे. आणि पाव्हणे गेल्यावर सापडू दे.

मामा परत आले ते एकटेच, घामानं निथळत. ओसरीतूनच म्हणाले, “घरात गळ हाय म्हणतेत, द्या जल्दी.” गळ म्हणजे विहिरीत पडलेली बादली काढायचा चार आकड्यांचा लोखंडी काटा, आमचा ओसरीच्या खुंटीला टांगलेला असायचा. “मला काही समजूनच न्हाई राह्यलं. वासरासाठी गळ कशाला? ह्यांनी तर विहिरीच्या काठाला बसकणच मारली. आन् ही तिथं पडल्ती.” त्यांनी अंगणात एक चप्पल टाकली. बायकी, टाचेला झिजलेली, अंगठा तुटलेला आणि तारेनं बांधलेला. तार मीच बांधली होती.

मायनं चपलेकडं पाहिलं. मग, मला आजही हे लिहिताना हात थांबवावा लागतो, तिनं पदर पुढं ओढला. घसा खाकरला. “गयाबाईची असंल,” ती म्हणाली.

“अक्काची हाय!” मी ओरडले. “माझ्या बहिणीची हाय. वासरू न्हाई, माणूस हाय ती. थोरली बहीण हाय माझी, कौशल्या नाव हाय तिचं, समज कमी हाय, तुम्ही येणार म्हणून लपवली तिला आम्ही!” पुढं काय बोलले आठवत नाही. उंबरा ओलांडताना मायचा हात माझ्या पायाला लागला, अडवायला की आधाराला ते कळलं नाही. मी आखाड्याच्या वाटेनं पळत सुटले. साडीचा घोळ काखेत, डोक्यावर पदर नाही, गाव दारादारांत उभं, आणि मी गळा फाडून ओरडतेय, “अक्काऽ! कौसाक्काऽ!” गावात मोठ्यानं तिचं नाव घेऊन हाक मारायची माझी ती पहिली वेळ. अठराव्या वर्षी.

गावाच्या कडेला भागाबाई दारात आली. वाट अडवून उभी. “काऊन वरडून राह्यलीस? तुमच्या घरात तर तसलं कोणी न्हाई. तूच लिवलं ना?”

मी तिच्या पायाशी बसले. तिचा चेहरा बदलला. “उठ, उठ गं. आत हाय ती. जित्ती हाय.” आणि दारातून बाजूला झाली.

आत अंधारात दोघी समोरासमोर बसल्या होत्या, मध्ये शेंगांचा ढीग. एक अक्का, एक पायात चप्पल, दुसरा मोकळा. दुसरी पिकल्या केसांची, बारकी, सारखी खोकणारी, ती रुखमी. अक्का शेंग फोडून दाणे तिच्या ओंजळीत टाकत होती आणि रुखमी एकेक दाणा खात होती. भागाबाई मागून सांगत होती, “तुमच्याकडं पाव्हणे आले की हिला तिकडं सोडता. माझ्याकडं पाव्हणे आले की मी रुखमीला मागं मेंढरांच्या वाडग्यात घालते, तुमच्या बांधालाच हाय ते. तिथं गाठ पडली जणू. दोन-तीन वर्स झाले, येऊन बसती कवाकवा. म्या म्हणलं बसू दे, कोणाला तरी कोणी असावं.” मी अक्काला धरून हमसून हमसून रडले. तिनं हात चावला नाही. माझ्या तोंडाकडं बघितलं आणि चार दाणे माझ्या तोंडात कोंबले.

घरी आलो तेव्हा दादा अंगणात होते. मामांनी त्यांना विहिरीवरून उठवून आणलं होतं. अक्काला बघून त्यांनी तिच्या एक थोबाडीत मारली आणि लगेच तिला छातीशी धरलं; माझ्या देखत त्यांनी तिच्यावर हात उचलला तो तेवढाच. मुलाची आई सगळं बघत होती. निघताना ती मायसमोर थांबली. “पोर भोळी हाय, ते सांगितलं असतं तर कदाचित समजून घेतलं असतं बाई. पण पोटच्या लेकीला तुम्ही वासरू म्हणलात, आन् माझ्या भावाला गावभर ते वासरू हुडकायला लावलं.” ती खरंच समजून घेणार होती की ते जाता जाता बोलायचं एक वाक्य होतं, यावर मी आयुष्यभर विचार केला आहे आणि दर वेळी उत्तर वेगळं येतं. नकार आला तो आलाच. पुढं चार वर्षांनी माझं लग्न झालं, दाखवायच्या दिवशी अक्का माझ्या शेजारी बसून होती, सुशीला खात होती. पण त्या चार वर्षांत आणखी किती पाव्हणे उंबऱ्यावरूनच परत गेले ते मायच जाणे.

माय माझ्याशी बोलेनाशी झाली. एक दिवस, दोन दिवस, तीन. चुलीपुढं बसायची, भाकरी थापायची, माझ्या पुढ्यात ताट सरकवायची, पण शब्द नाही. दादांशीही जेवढ्यास तेवढं. चौथ्या दिवशी बाजार, निर्मलाबाई वही घ्यायला येणार. आदल्या दिवशी भागाबाई मेंढ्यांच्या वाटेनं नाही, सरळ रस्त्यानं आमच्या दारात आली. “माझ्या घराम्होरचं खोड,” म्हणाली, “रुखमी लिव.” तिच्या पाठोपाठ आणखी काही जण आले. कोणी उघड, कोणी भिंतीआडून हळूच सांगून. आठ झाली नाहीत, सहाच झाली. बाईंनी सहावरच वर्ग सुरू केला. पुढं अंगणवाडीची नोकरी लागल्यावरही मी दुपारच्या वेळी त्या खोलीत जात राहिले. पण ते नंतर. बाजाराच्या आदल्या त्या संध्याकाळी मी ओसरीत वही उघडून बसले होते. आमच्या घरापुढच्या निरंकवर मी रेघ मारली. शाई वाळायची वाट बघितली. वर बारीक अक्षरात लिहिलं, कौशल्या किसनराव. अक्का परातीपासून उठून आली होती आणि माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून बघत होती.

पुढचा रकाना वयाचा. आणि पेन थांबलं. मला माहीत नव्हतं. पाचजणांत उठबस असलेल्या, दहावी झालेल्या मला, माझ्या बहिणीचं वय माहीत नव्हतं. शाळेत नाव नाही, कुठं दाखला नाही. मी दादांकडं पाहिलं. दादा बोटांवर मोजू लागले, “दुष्काळाच्या आधी... न्हाई, मागं... तू व्हायच्या पाच वर्सं आधी का सहा...” मग लाजून म्हणाले, “अंदाजानं लिव.”

चुलीपाशी थापण्याचा आवाज थांबला.

“अंदाजानं कशाला?” माय म्हणाली. आमच्याकडं तिची पाठच होती. “पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाली. दिवस उगवायच्या वक्ताला. दीड दिवस अडले होते मी. येत्या पोळ्याला चोवीस भरून पंचविसावं लागंल.”

मी लिहायला लागले. वाटलं, संपलं. पण ती बोलतच राहिली, आधी भाकरीशी बोलावं तशी हळू, मग आवाज मोठा होत गेला. “निळी पडल्ती. रडलीच न्हाई. सुईणीनं उलटी धरली, पाणी मारलं, थाळी वाजवली. रडंना. सुईण म्हणली, ठिवून दे बाजूला, जाईल ती. म्या म्हणलं, आण इकडं. पदरात घेतली. छाती चोळली, पाय चोळले. लई येळ. मंग कुई केलं बारीक. तेवढंच.” तिनं पिठाचा हात डोळ्याला लावला. “त्या येळेला मी जाऊ दिली असती तर गेली असती सुमे. म्या जाऊ दिली न्हाई. म्याच ठिवून घेतली तिला. आन् मंग म्याच कडी लावत गेले.”

पुढं नोकरीत बाळंतिणींच्या नोंदी घेताना बाळ लगेच रडलं का हे मी हजारदा विचारलं असेल, आणि बाळ उशिरा रडलं तर समज लहान राहू शकते, हा त्याचा अर्थही डॉक्टरांकडून समजून घेतला. तेव्हा काही समजलं नव्हतं. अक्का माझ्या खांद्यावरून उठली, मायजवळ जाऊन बसली आणि तिच्या गालाचं पीठ पुसू लागली. तिचाही हात पिठाचा होता, त्यामुळं पीठ आणखीच पसरलं. माय तिला म्हणाली, “कौसे, त्या वहीत तुझं नाव लिवलंय बघ,” आणि मला म्हणाली, “शेऱ्यात काय लिवायचं असतं गं?”

“काहीपण. त्या माणसाबद्दल.”

मायनं परात बाजूला सारली. तवा तापून धूर यायला लागला होता.

“लिव,” ती म्हणाली, “आईला पाहिजे होती.”